हाताचे काम आणि पडद्यावरचा वर्ग : तंत्रज्ञान शिक्षणाचा ऑनलाइन पदव्युत्तर पेपर कसा उभारावा

शिक्षणशास्त्राच्या एम.ए.साठी ‘तंत्रज्ञान शिक्षण’ नावाचा वैकल्पिक पेपर जाहीर झाला, की बरेच विद्यार्थी तो शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पेपर समजून नाव नोंदवतात. शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे शिकवण्याची साधने, मग तो खडू-फळा असो वा ऑनलाइन वर्ग चालवण्याची मूडल ही संगणक प्रणाली. तंत्रज्ञान शिक्षण म्हणजे मात्र तंत्रज्ञान हाच शिकण्याचा विषय, म्हणजे वस्तूंची रचना कशी होते, त्या कशा घडवल्या जातात, मोडल्यावर दुरुस्त कशा होतात, कोणाला उपयोगी पडतात आणि कोणाचे नुकसान करतात, हे मुलांना शाळेत कसे शिकवावे याचा विचार. या विषयाचा प्राण हाताच्या कामात आहे. तो ऑनलाइन शिकवायचा तर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये नेमके हातच पोहोचत नाहीत. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असा चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा), एका सत्राचा पेपर तयार करून शिकवायचा असेल तर काय करावे, हे येथे मांडले आहे. सगळ्या सूचना एका निर्णयातून निघालेल्या आहेत : हाताचे काम विद्यार्थ्याच्या घरी किंवा शाळेत व्हावे आणि पडद्याचा उपयोग त्या कामाविषयी बोलण्यासाठी व्हावा.

आधी तासांचा हिशेब

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याचे तीस तासांचे काम धरले जाते. चार श्रेयांकांचे १२० तास झाले, आणि सत्र १५ आठवड्यांचे असेल तर आठवड्याला आठ तास. हा आकडा कागदावर लहान वाटतो. पण आपला विद्यार्थी दिवसभर शाळा, त्यानंतर ऑनलाइन माहिती भरणे आणि घर, असे सगळे सांभाळून रात्री साडेआठला मोबाइल हातात घेणारा शिक्षक असतो. त्याला आठवड्याचे आठ तास खरोखर मिळणार असतील तर ते कशावर खर्च व्हावेत हे आपण ठरवले पाहिजे, अन्यथा ते व्हिडिओ पाहण्यातच संपतात. माझी वाटणी अशी असते : तीन तास हाताच्या कामाला, दोन तास वाचनाला, दीड तास लेखनाला व नोंदवहीला, एक तास चर्चेला आणि उरलेला केवळ अर्धा तास व्हिडिओंना. व्हिडिओंचा वाटा इतका कमी पाहून सहकारी आश्चर्य व्यक्त करतात. व्हिडिओ तयार करायला शिक्षकाला सर्वाधिक वेळ लागतो आणि त्यातून विद्यार्थ्याला सर्वांत कमी मिळते, हे एकदा ध्यानात आले की ते आश्चर्य ओसरते.

दुसरा हिशेब शिक्षकाच्या तासांचा. वर्गात तीस विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाचे काम पाहून लेखी अभिप्राय द्यायला वीस मिनिटे लागत असतील, तर एका स्वाध्यायाला दहा तास होतात. असे सहा स्वाध्याय दर पंधरवड्याला एक या वेगाने ठेवता येतात. दर आठवड्याला ठेवले तर तिसऱ्या आठवड्यापासून अभिप्राय ‘छान प्रयत्न’ या दोन शब्दांवर येतो. म्हणून सत्राची आखणी आठवड्यांत न करता पंधरवड्यांत करावी : पहिला आठवडा ओळखीचा, त्यानंतर सहा पंधरवडे कामाचे आणि शेवटचे दोन आठवडे तोंडी परीक्षेचे.

वेळापत्रक ठरवताना शाळांचे वर्ष समोर ठेवावे. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. दिवाळीच्या सुटीत मुले शाळेत नसतात. निवडणुकीचे काम लागले तर शिक्षक आठवडाभर गायब असतो. मुलांना सोबत घेऊन करायचे काम या खिंडारांत अडकणार नाही, असे पाहावे.

परवानगीबाबत थोडक्यात. आधीच मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातील एखादा पेपर ऑनलाइन शिकवणे आणि संपूर्ण पदवी ऑनलाइन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक विनियमांनुसार संस्थेला पात्र ठरावे लागते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील पेपरांबाबत २०२१ चे विनियम आहेत आणि त्यानुसार एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत पेपर ‘स्वयम्’वरून करता येतात. आपला पेपर यांपैकी कोणत्या चौकटीत बसतो हे अभ्यासमंडळाच्या बैठकीपूर्वीच परीक्षा विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकार सत्राच्या शेवटी कोणाला आठवत नाही.

शेवटाकडून सुरुवात

घटकांची यादी करून पेपर लिहायला बसण्याची आपली सवय जुनी आहे : घटक एक, संकल्पना व व्याख्या; घटक दोन, ऐतिहासिक आढावा; आणि असेच पुढे. ही यादी बाजूला ठेवून आधी एका प्रश्नाचे उत्तर लिहावे. सत्र संपताना विद्यार्थी काय करून दाखवेल? जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या रचनात्मक जुळणीच्या विचाराचा गाभा हाच आहे, की निष्पत्ती, शिकण्याच्या कृती आणि मूल्यमापन ही तिन्ही एकाच दिशेला तोंड करून उभी असली पाहिजेत. ‘विद्यार्थ्यास तंत्रज्ञान शिक्षणाचे महत्त्व समजेल’ ही अध्ययन निष्पत्ती तपासता येत नाही आणि म्हणून ती शिकवताही येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘विद्यार्थी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी रचना-आणि-घडणीचे एक एकक (एका वस्तूभोवतीचा पाठांचा संच) आखेल, त्यातील वस्तू आधी स्वतः करून पाहील, चार-पाच मुलांकडून ती करवून घेईल आणि मुलांच्या आराखड्यांवरून त्यांच्या विचारांत काय बदल झाला हे पुराव्यासह सांगेल.’ या एका वाक्यातून पेपराचा जवळजवळ सगळा आशय उलगडतो आणि कोणते घटक नको आहेत हेही कळते. अशा तीन किंवा चार निष्पत्ती पुरतात.

इतिहास मात्र गाळू नये, कारण आपल्याकडे तो पुष्कळ आहे आणि विद्यार्थ्यांना तो तुकड्यातुकड्यांनीच माहीत असतो. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली, हस्तोद्योगातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम, कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सुचवलेला कार्यानुभव, आणि शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहावीपासून आलेले व्यावसायिक शिक्षण, ज्यात जीवसृष्टीशी, यंत्रे व साहित्याशी आणि मानवी सेवांशी निगडित अशी कामाची तीन रूपे सांगितली आहेत. ही एकच लांब ओळ आहे. ज्यांनी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रद्दीच्या पिशव्या केल्या आणि त्याच तासाला गणिताचा राहिलेला धडाही पूर्ण केला, त्यांना हा इतिहास वाचताना स्वतःचे बालपण दिसते, आणि चर्चेला तेथूनच जोर येतो.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे मी प्रत्येक वेळी घेतो. पहिले शिरूर तालुक्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत नेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार शाखांतील खरी कामे मुले गावासाठी करतात, हे त्याचे वैशिष्ट्य. दुसरे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे, जिथे रचना-आणि-तंत्रज्ञानाची एकके तयार करून ती मराठी माध्यमाच्या शहरी व आदिवासी भागातील आणि इंग्रजी माध्यमाच्या शहरी मुलांसोबत करून पाहण्यात आली. त्या एककांमध्ये पिशवी, वजन उचलणारे पवनचक्कीचे मॉडेल आणि बाहुल्यांचा खेळ होता. पाबळमध्ये कामाची सुरुवात गावाच्या गरजेतून होते. होमी भाभा केंद्राच्या एककांत मूल कसा विचार करते, कसे रेखाटते आणि आपल्या गटाला ते कसे सांगते, याकडे अधिक लक्ष आहे. या दोन भूमिकांत विद्यार्थ्याने कुठे उभे राहायचे हा पदव्युत्तर पातळीला शोभणारा प्रश्न आहे आणि त्याला तयार उत्तर नाही. शेजारी अमेरिकेतील तंत्रज्ञान शिक्षकांच्या संघटनेची २०२० ची मानके ठेवली, म्हणजे आठ मुख्य मानके, आठ कार्यपद्धती आणि आठ संदर्भक्षेत्रे अशी त्यांची रचना, तर तुलना पूर्ण होते. मात्र सुरुवात त्या मानकांपासून करू नये. तसे केल्यास पाबळ हे त्यांचे ‘स्थानिक उदाहरण’ होऊन बसते.

हाताचे काम घरी पाठवणे

आता मुख्य भाग. सहा पंधरवड्यांतील कामे सोप्याकडून अवघडाकडे जावीत आणि प्रत्येक काम घरात सापडणाऱ्या साहित्यात व्हावे. ठरावीक साहित्याचा संच टपालाने पाठवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण गावात काय मिळते याचा शोध घेणे हाच या विषयाचा एक धडा आहे. काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून अरविंद गुप्ता यांनी केलेल्या रचना पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पहिल्या पंधरवड्यात खटक्याचे बॉलपेन आणि नेलकटर सुटे करायला सांगावे. नेलकटर म्हणजे तरफांची जोडणी आहे हे पुस्तकात वाचलेले असते; पण पिन काढून भाग टेबलावर मांडले, प्रत्येकाचे रेखाचित्र काढले आणि ‘हा भाग नसता तर काय झाले असते’ असे प्रत्येकापुढे लिहिले, की वस्तू ही निर्णयांची बनलेली असते हे समजते. पेनातील स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते, याचीही नोंद करायला सांगावी. मुलांच्या वर्गात ती तीस वेळा उडणार असते. दुसऱ्या पंधरवड्यात गावातील एका कारागिराकडे, मग तो कुंभार असेल, लोहार, गवंडी, शिंपी किंवा सायकल दुरुस्त करणारा, दोन तास बसून त्याचे काम पाहावे. मुलाखत शेवटी घ्यावी, आधी हात पाहावेत. चाकाचा बाक काढताना आरा किती ताणायचा हे दुरुस्ती करणारा कशावरून ठरवतो, या प्रश्नावर आलेल्या उत्तरांनी माझ्या वर्गात दोन तास चर्चा झाली आहे.

तिसरा व चौथा पंधरवडा पवनचक्कीला द्यावा. काम असे सांगावे : टेबलफॅनच्या एकाच वेगावर, एक मीटर अंतरावरून, जमिनीवरचे वायसर टेबलाच्या उंचीपर्यंत उचलेल असे मॉडेल करा, खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवा, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी मापांसह आराखडा काढून त्याचा फोटो चढवा. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती नसेल तर विद्यार्थी आधी मॉडेल करतात आणि मग त्यावरून ‘आराखडा’ काढतात. व्यवस्थेत अशी मांडणी करावी, की आराखडा चढवल्याशिवाय पुढचे पान उघडणारच नाही. मूडलमध्ये प्रवेशाची अट घालून हे सहज होते.

पहिला प्रयत्न बहुधा फसतो. पुठ्ठ्याची पाती वाऱ्याला सपाट सामोरी लावली असतील तर ती फिरतच नाहीत, त्यांना कोन द्यावा लागतो. अक्ष म्हणून घेतलेला सायकलचा आरा गुळगुळीत असल्यामुळे दोरा त्यावर गुंडाळला न जाता घसरतो, म्हणून त्याला खरखरीत चिकटपट्टी लावावी लागते. अक्ष जाड केला तर वजन भराभर वर येते, पण कमी वजन उचलले जाते. कित्येकदा सगळे बरोबर असूनही आरा ज्या स्ट्रॉच्या तुकड्यात फिरतो तेथील घर्षणच सारी शक्ती खाते. यांतील एकही गोष्ट व्हिडिओत आधी सांगू नये. विद्यार्थ्याला चार दिवस झगडू द्यावे आणि त्यानंतरच्या थेट सत्रात ‘कोणाचे फिरले नाही’ या प्रश्नाने सुरुवात करावी.

पुरावा म्हणून तयार मॉडेलचा एक सुंदर फोटो घेण्यापेक्षा चार गोष्टी मागाव्यात : आराखडा, फसलेल्या अवस्थेचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढलेला अंतिम फोटो, आणि वजन उचलतानाची तीस सेकंदांची सलग चित्रफीत. त्यासोबत एक तक्ता असावा, ज्यात एका वेळी एकच गोष्ट बदलून, म्हणजे आधी पात्यांची संख्या, मग कोन, किती वायसर उचलले हे लिहिलेले असेल. पात्यांची संख्या आणि कोन एकदम बदलून ‘सुधारणा झाली’ असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि त्यांत विज्ञानाचे पदवीधरही असतात.

सुरक्षिततेबाबत स्पष्ट नियम लिहून द्यावा. या पेपरात घरातील विजेवर चालणारे काहीही उघडायचे नाही, दीड व्होल्टच्या सेलवर चालणारी वस्तूच सुटी करायची, कापताना कटर स्वतःपासून दूर न्यायचा आणि स्प्रिंग किंवा तार असेल तेथे चष्मा लावायचा. नियम लिहिलेला आहे एवढ्यावर न थांबता पहिल्याच आठवड्यात त्यावर लहान चाचणी ठेवावी आणि तीत सर्व उत्तरे बरोबर आल्याखेरीज पहिले काम उघडू नये.

पाचव्या पंधरवड्यात विद्यार्थी स्वतःचे एकक आखतो आणि सहाव्यात ते चार-पाच मुलांसोबत करतो. येथे पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मुलांचे चेहरे न दाखवता हात, आराखडे व वस्तू यांचेच फोटो मागावेत. चेहऱ्यांची आपल्याला गरजही नसते.

व्हिडिओ, वाचन आणि भाषा

व्हिडिओ थोडे आणि छोटे असावेत. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख सत्रांचा अभ्यास केला, तेव्हा सहा मिनिटांच्या आतील व्हिडिओंमध्ये प्रेक्षकांचे लक्ष अधिक टिकलेले दिसले. तास-तास चालणारे व्याख्यान चित्रित करून चढवणे हे विद्यार्थ्यांपेक्षा तपासणी समितीच्या समाधानासाठी असते. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या विद्यार्थिकेंद्री ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) पद्धतीतील एक युक्ती येथे फार उपयोगी आहे : व्हिडिओच्या मध्येच थांबून एक लहान काम देणे, विद्यार्थ्याने व्हिडिओ थांबवून ते करणे, आणि त्यानंतर पुढच्या भागात त्या कामावर बोलणे. ‘समोरच्या नेलकटरकडे पाहा आणि टेकू कुठे आहे तो बोटाने दाखवा, मी थांबतो’ असे म्हटल्यावर पाहणारा खरोखर थांबतो.

चित्रीकरणासाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाइल छातीच्या उंचीवरून टेबलाकडे झुकवून लावावा, म्हणजे चेहऱ्याऐवजी हात दिसतात. खिडकीचा उजेड बाजूने घ्यावा. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते कॉलर माइकवर करावेत. चित्र थोडे धूसर असले तरी चालते, आवाज खराब असेल तर कोणी थांबत नाही. प्रत्येक व्हिडिओचा लेखी मजकूर सोबत द्यावा. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्याची ती गरज असते, आणि डेटा संपलेल्याची सोय.

भाषेचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. या विषयावरचे बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे आणि विद्यार्थी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वाचन इंग्रजीत ठेवून चर्चा व लेखन मराठीत ठेवणे मला सर्वांत फलदायी वाटते, मात्र त्यासाठी प्रत्येक लेखासोबत दोन पानांची मराठी वाचनपत्रिका द्यावी लागते, ज्यात पाच-सहा संज्ञा आणि तीन नेमके प्रश्न असतील. संज्ञा कोशातूनच उचलाव्यात असे नाही. कार्यशाळेत वायसर, पाना, कानस, गुण्या हे शब्द जिवंत आहेत, तेच वापरावेत. ‘चक्राकार धातुपट्टिका’ असे लिहिले तर कारागिराला ते कळणार नाही आणि विद्यार्थ्याला हसू येईल. स्वाध्याय युनिकोडमध्येच स्वीकारावेत. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल आपल्या संगणकावर उघडली की अक्षरांची रांगोळी दिसते, आणि तीवर अभिप्राय देणे अशक्य होते. ज्यांना टंकलेखन जड जाते त्यांना बोलून टंकायला शिकवणारे अर्ध्या तासाचे सत्र पहिल्या आठवड्यात घ्यावे.

लेखांच्या प्रती वाटताना काळजी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ अध्यापनासाठी काही मुभा देते, पण ती सगळ्या जगाला खुल्या पानावर आख्खे पुस्तक चढवण्याची परवानगी नव्हे. शक्य तेथे मुक्त परवान्याचे साहित्य घ्यावे आणि बाकीचे नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरते मर्यादित ठेवावे.

व्यासपीठाबद्दल फार विचार करू नये. विद्यापीठात मूडल असेल तर मूडल, नसेल तर गूगल क्लासरूम. काम चढवणे, अभिप्राय देणे आणि पायरीपायरीने पाने उघडणे एवढे जमले की पुरे.

थेट सत्र आणि चर्चा

थेट सत्र पंधरवड्यातून एकदा, ७५ मिनिटांचे, रात्री जेवणानंतर ठेवावे आणि त्यात व्याख्यान देऊ नये. पाच-पाच जणांचे सहा गट सत्रभर तेच ठेवावेत. पहिली वीस मिनिटे गटात एकमेकांच्या वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून दाखवाव्यात, त्यानंतर प्रत्येक गटातून एक अडलेला प्रश्न सर्वांसमोर यावा, आणि शिक्षकाने त्यांपैकी दोनच निवडून खोलात जावे. सहाही प्रश्न घेतले तर कोणताच पुरा होत नाही.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन वर्गासाठी तीन प्रकारच्या उपस्थिती मांडल्या : वैचारिक, सामाजिक आणि अध्यापनाची. आपल्याकडे सामाजिक उपस्थिती व्हॉट्सअॅपवर आपोआप तयार होते आणि वैचारिक चर्चा तेथेच वाहून जाते. म्हणून स्पष्ट सांगावे, की व्हॉट्सअॅपचा गट सूचना आणि शुभेच्छांसाठी आहे. वस्तूवरील प्रश्न व्यासपीठावरील चर्चेतच विचारायचा, नाहीतर उत्तर मिळणार नाही. पहिले दोन आठवडे हे कठोरपणे पाळावे लागते. ‘तंत्रज्ञानाचे फायदे-तोटे लिहा’ अशा प्रश्नावर तीस जण तीच दहा वाक्ये लिहितात. त्याऐवजी ‘तुमच्या शाळेत बंद पडलेली एक वस्तू निवडा, ती दुरुस्त का झाली नाही हे शोधा’ असा प्रश्न द्यावा. हातपंप, शिवणयंत्र, प्रोजेक्टर, हात धुण्याच्या जागेचा नळ अशा उत्तरांतून दुरुस्तीचे अर्थकारण, सुट्या भागांची उपलब्धता आणि निर्णय कोणाच्या हातात आहे हे सारे आपोआप वर येते.

मूल्यमापन

आकारिक, म्हणजे सत्र चालू असतानाच्या, मूल्यमापनाला जितके गुण विद्यापीठ देऊ देईल तितके घ्यावेत. रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांचा तक्ता, चार निकषांपेक्षा मोठे नसावे. पवनचक्कीसाठी मी आराखड्याचा नेमकेपणा, चाचणीची शिस्त, फसण्याचे विश्लेषण आणि शिकवण्याशी जोडलेला विचार हे निकष ठेवतो. मॉडेलने किती वजन उचलले याला गुण नाहीत. हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगावे लागते, कारण एका वर्षी ते सांगायचे माझ्याकडून राहिले आणि एका विद्यार्थ्याने बाजारातून तयार खेळणे आणून सर्वाधिक वायसर उचलून दाखवले. चूक त्याची नव्हती.

विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासणे उपयोगी आहे, पण त्यातून गुण काढू नयेत. प्रत्येकाने गटातील दोघांना एक निरीक्षण आणि एक प्रश्न लिहावा, एवढेच. सुरुवातीला आपण स्वतः दोन नमुना अभिप्राय लिहून दाखवले नाहीत तर ‘अप्रतिम सर’ असे शेरे येतात.

लेखी उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतली जातील, हे गृहीत धरूनच स्वाध्याय रचावेत. त्यावर पहारा ठेवण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्वाध्याय स्वतःच्या वस्तूशी, स्वतःच्या फोटोंशी आणि स्वतःच्या शाळेशी बांधावा. यंत्राला कपाटाखाली गेलेली स्प्रिंग माहीत नसते. संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनासाठी प्रत्येकी बारा मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवावी. तीस जणांना सहा तास लागतात आणि ते दोन आठवड्यांत सहज बसतात. विद्यार्थ्याने मॉडेल किंवा मुलांचे आराखडे कॅमेऱ्यासमोर धरावेत आणि आपण ‘हा भाग असाच का’ एवढेच विचारत जावे. दुसऱ्या ‘का’लाच काम कोणाचे आहे ते कळते.

सत्र चालू असताना

विद्यार्थी गळण्याची वेळ ठरलेली असते : पहिले काम चुकले की दुसरे लाजेपोटी चुकते, आणि तिसऱ्यापर्यंत तो दिसेनासा होतो. म्हणून पहिल्या कामाच्या मुदतीनंतर दोन दिवसांत, ज्यांचे काम आले नाही त्यांना फोन करावा. ईमेलचा उपयोग होत नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते, जसे घरी आजारपण, शाळेत तपासणी, किंवा फाइल कशी चढवायची हे विचारायचा संकोच. मुदतवाढीचा एक सामायिक नियम असावा : सत्रात दोनदा, प्रत्येकी एक आठवडा, कारण न विचारता. त्यामुळे विनवण्या थांबतात.

आठव्या आठवड्यात नाव न लावता दोन प्रश्न विचारावेत : कशावर वेळ वाया जातो आहे आणि काय आणखी हवे आहे. उत्तरे आल्यावर एक बदल लगेच करून तो वर्गाला सांगावा, आणि जे बदलता येणार नाही त्याचे कारणही सांगावे. माझ्या वर्गाने एकदा वाचनपत्रिकेतील प्रश्न लेखाच्या आधी द्या असे सुचवले. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

सत्र संपल्यावर लगेच, निकाल लागण्याची वाट न पाहता, दोन चांगली आणि एक पूर्ण फसलेले काम निवडून त्या विद्यार्थ्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि ती आराखड्यासह पुढच्या वर्गासाठी जपून ठेवावीत. फसलेल्या कामासाठी परवानगी मागताना फोन थोडा लांबतो, कारण नेमके काय दाखवणार आणि नाव येणार की नाही, हे आधी समजावून सांगावे लागते.